मोकळीची चाल

आमच्या घरात बायकांनी किंगरीला हात लावायचा नसे. लावला तर काय होतं, ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माय भिंत सारवायची तेव्हा किंगरीच्या खुंटीखालचा हातभर पट्टा कोरडा सोडायची. आबा घरी आले की ते किंगरी उतरवून छातीशी धरत, आणि तेवढ्या वेळात माय तो पट्टा घाईघाईने सारवून घ्यायची. वाळेपर्यंत आबा तसेच उभे राहत. भोपळ्यावर ताणलेलं कातडं, बांबूची दांडी, दोन तारा आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज, एवढंच ते वाद्य होतं. पण आमच्या घरातलं सगळं त्याच्या भोवती चालायचं. आबांच्या आधी त्यांच्या वडिलांनी आणि त्यांच्याही आधीच्यांनी ते वाजवलं होतं. आबांना मात्र आम्ही दोघी मुलीच झालो. अक्का, म्हणजे शेवंता, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि मी.

आमचं मूळ गाव धुळ्याकडचं, म्हणून घरात अहिराणी. यावलला येऊन राहिलो ते केळीच्या बागांमधल्या कामासाठी, त्यामुळे दाराबाहेर बोली वेगळी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. घरात शिरताना चप्पल काढावी तशी मी बोली बदलायचे. माय घड वाहायला जायची. संध्याकाळी तिच्या लुगड्याला केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे, ते कशानेच जात नसत. आबा वर्षातले काही महिने कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात आणि बाकीचे दिवस सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून किंगरी घेऊन फिरत. आमच्या लोकांत माणूस गेलं की तेराव्या दिवशी किंगरीवाला लागतो. अंगणात सगळे बसतात, किंगरीवाला एकेक चाल वाजवतो. शब्द नसतात, नुसती चाल. जन्माची एक, लग्नाची एक, वाटेची एक, पाण्याची एक, अशा बावीस. शेवटी तेविसावी वाजते, तिला मोकळी म्हणत. मोकळी वाजली की गेलेलं माणूस घरातून मोकळं झालं आणि घरही त्याच्यापासून मोकळं झालं. त्यानंतर त्या मरणाबद्दल कोणी काही बोलायचं नाही, ना तक्रार, ना संशय. मगच पानं वाढायची. एखाद्या घरी किंगरीवाल्याने मोकळी वाजवायला नकार दिला, तर भाऊबंद न जेवता उठून जात आणि त्या घराशी सोयरीक थांबे. आजोबांनी एका घरी असा नकार दिला होता, असं आबा सांगत. कुठल्या घरी आणि कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी नववीत असताना आबांचा हात जिनिंगमधल्या रेच्यात गेला. कापसातून सरकी वेगळी करणारं ते यंत्र. त्याच्या फिरत्या रुळात कापूस अडकला होता, तो ओढून काढताना डावा पंजाच आत ओढला गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन बोटं गेली. किंगरीवाल्याची तारेवर फिरतात ती हीच बोटं. पट्टी सुटल्यावर पहिल्या दिवशी आबांनी किंगरी मांडीवर घेतली, उजव्या हाताने गज ओढला आणि करंगळीने तार दाबायचा प्रयत्न केला. जो आवाज निघाला तो ऐकून माय चुलीपुढून उठून बाहेर गेली. आबांनी किंगरी पुन्हा खुंटीला लावली. त्यानंतर ते बाजेवर पडून राहायचे, आढ्याकडे बघत. जेवायला हाक मारली की उठायचे, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा मुकाट्याने खायचे, पुन्हा आडवे व्हायचे. असं जवळजवळ वर्षभर चाललं. माणूस घरात असूनही घर रिकामं असतं, ते मी तेव्हा पाहिलं.

आमच्या मागच्या गल्लीत हमीदचाचा राहायचे. ते भांड्यांना कल्हई करत. नवसागराचा डोळ्यांत झोंबणारा धूर, लालबुंद निखारे आणि फडका फिरवताच काळ्या पातेल्यात उतरणारी चांदी, हे बघायला मी तासन्तास उभी राहायचे. तरुणपणी ते लग्नाच्या बँडमध्ये मॅन्डोलिन वाजवत. पुढे बँडमध्ये कर्ण्यावर मोठ्याने वाजणारी नवी वाद्यं आली, मॅन्डोलिन कोणाला ऐकू जाईना, तेव्हा ते घरी बसले. दुपारी काम थांबलं की ओट्यावर बसून वाजवत. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि तारा छेडायला प्लॅस्टिकची पातळ पट्टी. एकदा मी म्हटलं, "चाचा, मला शिकवाल?" त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "बोटं बापाची आहेत बेटी," ते म्हणाले, "पण बापाला विचारलंस का?" मी खोटंच हो म्हटलं. त्यांना ते कळलं असणार. तरी त्यांनी मॅन्डोलिन माझ्या मांडीवर ठेवलं.

सहा महिने मी लग्नातली गाणी वाजवत होते. बोटांची टोकं फाटली, मग तिथे घट्टे पडले. अक्काचं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती, ती जामनेरकडच्या एका गावात होती. आली की माझी बोटं हातात घेऊन दाबून बघायची आणि हसायची. तिच्या कडेवर नंदा असायची, तिची मुलगी. अक्का वाळत चालली होती. माय विचारायची, "बरी शे ना?" अक्का म्हणायची, "बठ्ठं बरं शे." एकदा तिच्या दंडावर हिरवा-पिवळा डाग पाहून मी विचारलं, तर म्हणाली, गोठ्याच्या दाराची कडी लागली. मी ते मानलं. पुढे बत्तीस वर्षं मी शिक्षिका होते. किती मुलींच्या दंडांवर असे डाग पाहिले आणि किती दारांच्या कड्या ऐकल्या! त्या वेळी मात्र मानलं. मानणं सोपं होतं.

एका दुपारी घरात कोणी जागं नाही असं समजून मी मॅन्डोलिन घरी आणलं आणि दाराशी बसून पाण्याची चाल काढायला लागले. लहानपणापासून कानावर पडलेली, त्यामुळे बोटांना वाट सापडत होती. अर्ध्यात आले आणि मागून आवाज आला, "खोटं शे ते."

आबा बाजेवर उठून बसले होते. मला वाटलं, आता मार बसणार. ते म्हणाले, "तठे थांबू नको. रडतं माणूस तठे थांबस का?" आणि त्यांनी ती ओळ गळ्यातून काढून दाखवली. वर्षभरात त्यांच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. माय पाण्याची घागर घेऊन दारात उभी होती. ती घाबरून म्हणाली, "पोरना हातमा? आपली चाल?" आबा म्हणाले, "किंगरीले हात लावाना नही. हाई काय किंगरी शे?"

एवढ्या फटीतून मी आत शिरले. आबांनी रोज शिकवायला सुरुवात केली, आणि ते शिकवणं प्रेमाचं नव्हतं. किंगरीचा सूर गज ओढाल तितका लांबतो, मॅन्डोलिनचा सूर टण्‌ करून मरतो. तो जिवंत ठेवायचा तर पट्टी तारेवर सतत थरथरत ठेवावी लागते. मनगट सैल, हात हलता. माझा हात दुखून थांबला की आबा त्यांच्या उरलेल्या अंगठ्याने आणि करंगळीने माझं मनगट चिमट्यात धरत आणि हलवत राहत. दुसरी अडचण पडद्यांची. किंगरीच्या दांडीवर पडदे नसतात, बोट कुठूनही कुठेही घसरतं. मॅन्डोलिनवर पितळी पडदे ठोकलेले, प्रत्येक सुराचं घर वेगळं. आबांचे सूर मात्र दोन घरांच्या मधल्या भिंतीत राहणारे. "कोठे गया तो?" ते ओरडायचे, आणि मला तो सूर ऐकू येत असूनही सापडायचा नाही. शेवटी हमीदचाचांनी युक्ती दाखवली. तार पडद्यावर दाबून बोटाने बाजूला ओढायची, म्हणजे सूर वर चढतो. आठ तारांच्या वाद्यावर एका वेळी दोन तारा ओढायच्या, त्याही सारख्या, नाहीतर एक रडते आणि दुसरी किंचाळते. बोटांतून रक्त यायचं. माय काही न बोलता हळद लावायची. एक चाल बसली की आबा "हं" म्हणत आणि दुसरी सुरू करत. शाबासकी नाही. दीड वर्षात बावीस चाली झाल्या. मोकळी मात्र राहिली. ती घरात वाजवायची नसते, घरातलं कोणी जातं, असं ते म्हणाले. "मंग कथी शिकाडशात?" मी विचारलं. "देखसूत," आबा म्हणाले.

मी अकरावीत होते. जामनेरहून निरोप आला की अक्का भाजली आहे, जळगावला दवाखान्यात नेलं आहे. आम्ही तिघं पहिल्या एसटीने गेलो. त्या वॉर्डात शिरल्यावर जो वास आला तो मी लिहिणार नाही. जाळीच्या मच्छरदाणीत अक्का होती. चेहरा बराचसा वाचला होता, त्यामुळे ओळखू आली, आणि ओळखू आली हेच जास्त वाईट होतं. दाराशी तिची सासू नंदाला कडेवर घेऊन उभी होती. हवालदार आदल्या दिवशीच जबाब घेऊन गेले होते. स्वयंपाक करताना स्टोचा भडका उडाला, असं अक्काने स्वतः सांगितलं होतं. तिचा नवरा कोपऱ्यात बसून होता. मी विझवायला धावलो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. त्याचे दोन्ही हात मला स्पष्ट दिसत होते. त्यांच्यावर एक फोड नव्हता.

दुसऱ्या दिवशी माय तोंड धुवायला गेली, आबा औषध आणायला गेले, आणि सासू नंदाला दूध पाजायला बाहेर गेली. अक्काने डोळ्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"स्टो पेटेल नव्हता, सुमे."

मी म्हटलं, "मग तसं सांगितलंस का नाही? मी हवालदारांना बोलावते. आत्ता बोलावते."

"नको. नंदा त्यासना हातमा व्हती. जबाबना येळले दारमा उभी करेल व्हती." ती थांबली, बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "तिले तठून काढ. तुले आन शे."

ती त्याच संध्याकाळी गेली.

यावलला आल्यावर मी आबांना सांगितलं. माय ऐकत होती. आबा खाली बघत राहिले. मी म्हटलं, "आबा, त्यांनी अक्काला मारलं."

"माले माहित शे."

"मग?"

"नंदा तठे शे," आबा म्हणाले.

मी हमीदचाचांकडे गेले. मला वाटत होतं, कोणीतरी मोठ्या माणसाने म्हणावं की चल, आपण ठाण्यात जाऊ. चाचांनी भाता थांबवला. सगळं ऐकून घेतलं. "जबाब तिनेच दिला ना बेटी," ते म्हणाले. "मरणाऱ्याचं बोलणं कागदावर गेलं. आता तू सांगशील, ते म्हणतील पोरगी खोटं बोलते. आणि मग ती लहान मुलगी? ती त्यांच्याच घरात." त्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी ते फडक्याने पुसले, त्यामुळे गालावर काजळी लागली. त्यांना दोष देत नाही. आजही तेच सांगणारी माणसं भेटतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं मन चांगलं असतं.

सहाव्या दिवशी अक्काच्या सासऱ्यांचे भाऊ आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. मायने त्यांना पाणी दिलं नाही. ते बाजेवर बसले आणि म्हणाले, "आबा, झालं ते झालं. पोरीचं नशीब तेवढंच होतं. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? भाऊबंद कुजबुजतात. तेराव्याला मोकळी वाजली पाहिजे, आणि ती तुम्ही वाजवली पाहिजे. मुलीच्या बापाने मोकळी वाजवली म्हणजे मग कोणाला बोलायला जागा राहत नाही."

आबांनी डावा हात पुढे केला. "याने वाजवू?"

"तुमची धाकटी वाजवते, असं ऐकलं."

बाहेर कोणाच्या तरी कोंबड्या माती उकरत होत्या. आबा म्हणाले, "नंदा मला द्या."

"आमच्या घरचं लेकरू आहे ते."

"मुलगीच आहे. तुमच्या मुलाला दुसरी बायको करायची असेल, तर तिला ही कशाला हवी? नंदा द्या, मोकळी वाजवतो."

ते गृहस्थ विचारून सांगतो म्हणून गेले. दोन दिवसांनी निरोप आला. पानं उठली की मुलीला घेऊन जा.

त्या संध्याकाळी आबांनी मला समोर बसवलं. "आते घरमा वाजाडाले हरकत नही," ते म्हणाले. घरातलं माणूस जायचं होतं ते गेलं होतं. मला त्या वाक्याचा अर्थ समजायला क्षणभर लागला, आणि समजल्यावर मी मॅन्डोलिन बाजूला ठेवून बाहेर गेले. परत आले तेव्हा आबा तसेच बसले होते. पाच दिवसांत त्यांनी मला मोकळी शिकवली. ती फार मोठी चाल नाही. खालच्या सुरांत सुरू होते, तिथेच घुटमळते, दाराबाहेर पडून परत परत आत यावं तशी. मग एका ठिकाणी वर चढते आणि तिथून परत येत नाही. ती जागा दोन पडद्यांच्या मधली होती. तार किती ओढायची, ते आबा मला गळ्यातून दाखवत होते आणि त्यांचा गळा दर वेळी तिथेच फुटत होता. मी म्हणायचे, "आबा, कळलं नाही, पुन्हा." खरंच कळत नव्हतं. मला आपल्या बापाला पुन्हा पुन्हा त्या जागेवर न्यावं लागलं. माय मधल्या काळात म्हणाली, "तुना बापले सांग, मना कानवर ते पडाले नको." आबा दोन हातांवर होते, तरी मला सांग म्हणाली. मग ती कामावर जायला लागली, सुतक न पाळता. बागायतदाराच्या बायकोने तिला परत पाठवलं, तर ती बांधावर बसून राहायची, पण घरी यायची नाही.

तेराव्याला माय आली नाही. आबा आणि मी गेलो. अंगणात मांडव घातला होता, मागच्या बाजूला कणकेच्या बट्ट्या भाजायला गोवऱ्यांचा विस्तव पेटवला होता, आणि वरणाच्या फोडणीचा वास येत होता. त्या धुराकडे मला बघवेना. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. नवरा सगळ्यांत पुढे, नवं धोतर नेसून. सासूच्या मांडीवर नंदा, तिच्या केसांना भरपूर तेल लावून, घट्ट वेण्या घालून. मी मॅन्डोलिन पिशवीतून काढलं तशी कुजबुज झाली. एक म्हातारे म्हणाले, "हे लग्नातलं वाजंत्र? आणि पोरीच्या हातात?" आबा उभे राहिले. धोतराच्या सोग्यातून डावा पंजा काढून त्यांनी सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "चाल मनी शे," ते म्हणाले, "हात तिना."

बावीस चाली मी सगळ्यांकडे बघत वाजवल्या. मनात एकच होतं की शेवटची आली की थांबायचं. मॅन्डोलिन खाली ठेवायचं, उभं राहायचं आणि सांगायचं: स्टो पेटलेला नव्हता. माझ्या वयाच्या मुलीला ते शोभलं असतं, आणि त्या अंगणात ते ऐकून घेणारी चार माणसं तरी निघाली असती. मी बाविसावी चाल संपवली आणि हात थांबला. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. आबा बघत नव्हते, ते जमिनीकडे बघत होते. सासूने नंदाला मांडीवर जरा घट्ट ओढलं. एवढंच तिने केलं. कोणाच्या ते लक्षातही आलं नसेल.

मी मोकळी वाजवली.

आणि चांगली वाजवली. हे मी अनेक वर्षं कोणाला सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते. वाईट वाजवायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं, हात माझ्या ताब्यात नव्हता. मनगट आपोआप थरथरत होतं, सूर कुठेही तुटत नव्हता. वर चढायची जागा आली तेव्हा दोन्ही तारा सारख्या ओढल्या गेल्या आणि पाच दिवस न सापडलेला सूर असा समोर येऊन उभा राहिला. बायका रडायला लागल्या. ते म्हातारे रडले. मग नवरा रडला, तोंड झाकून, खांदे हलवत, खरोखर रडला. मला तेव्हा कळलं की चाल आपलं काम करते आहे. कोणासाठी करायचं ते तिला कळत नाही. ती त्याला मोकळं करत होती. आणि शेवटच्या ओळीत माझ्याही छातीतला गोळा थोडा सैल झाला, क्षणभर मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजतागायत लाज वाटते.

पहिला घास वाजवणाऱ्याने घ्यायचा असतो. माझ्यासमोर पान आलं. कुस्करलेली बट्टी, वर वरण, तूप. सगळे हात थांबवून बसले होते. मी घास घेतला. गिळला. मग बाकीचे जेवले, आणि वाढप्यांचा गलबला सुरू झाला, कोणी मीठ मागत होतं, कोणी पाणी. लग्नात असतो तसा आवाज. पानं उठल्यावर सासूने नंदाला आमच्यापुढे उभं केलं, एक गाठोडं दिलं आणि मागे न बघता आत गेली. एसटीत नंदा माझ्या मांडीवर झोपली. भुसावळ मागे पडल्यावर आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बराबर वाजाडं."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ती एकच शाबासकी. आबा त्यानंतर आठ वर्षं जगले. त्यांनी पुन्हा कधी मला वाजवायला सांगितलं नाही, चूक काढली नाही. माय आणि ते एका घरात राहिले, पण माय त्यांच्याशी थेट कधी बोलली नाही. जे सांगायचं ते माझ्याकडून नाहीतर नंदाकडून सांगायची. आबा गेले तेव्हा तेराव्याला कोणीच वाजवलं नाही. मायचा तसा शब्द होता, आणि भाऊबंद न जेवता उठून गेले.

अक्काच्या सासरी पुढच्याच वर्षी दुसरी बायको आली. जळगावजवळच्या कुठल्या तरी गावची, गरीब घरची, असं कानावर आलं. त्या मुलीच्या आईबापांनी चौकशी केली असेल. त्यांना काय सांगितलं गेलं असेल ते मला माहीत आहे: पहिलीच्या बापाने मोकळी वाजवली. म्हणजे मी वाजवली. पुढे तिचं काय झालं, ते आम्ही कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस होण्याइतकी मी मोठी झाले, तोवर ते लोक शेत विकून गुजरातकडे निघून गेले होते.

नंदा आमच्याकडे वाढली. शिकली. मी डी.एड. केलं, आबा गेल्यावर धुळ्याला नोकरीला लागले, तेव्हा तिला आणि मायला बरोबर आणलं. देवपुरात दोन खोल्या घेतल्या, पुढे त्याच भागात हे घर झालं. मी लग्न केलं नाही. त्याचं कारण लोक विचारतात आणि मी जमलं नाही म्हणते. मागे इथल्या एका महाविद्यालयातले दोन प्राध्यापक आले होते. खानदेशातल्या जुन्या चाली ते जमा करत होते. किंगरीवाले आता फारसे उरलेले नाहीत, तुम्हाला मॅन्डोलिनवर येतात असं कळलं, म्हणाले. चांगली माणसं होती, बूट दाराबाहेर काढून खाली बसली. मी त्यांना बावीस चाली वाजवून दिल्या. त्यांनी विचारलं, "तेराव्याला शेवटी आणखी एक असते ना?" मी म्हटलं, ती मला येत नाही. ते त्यांनी लिहून घेतलं. माझ्यानंतर ती चाल कोणाला येणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही.

नंदाला मी हे सगळं सांगितलं ते गेल्या वर्षी. तिला तिची आई स्टोच्या भडक्यात गेली, एवढंच माहीत होतं. कागदावरही तेच आहे. ती आता नाशिकला असते, उन्हाळ्यात पंधरा दिवस मुलीला घेऊन येते. दुपारची जेवणं झाली होती. मी तिला बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. वॉर्डातलं, सौदा, अंगण, मांडीवर घट्ट ओढणं, घास. काही सोडलं नाही. संपल्यावर मी वाट बघत राहिले. ती रडेल, चिडेल, किंवा 'मला विकत घेतलंत का तुम्ही?' असं विचारेल. कशाचीही तयारी ठेवली होती.

तिने विचारलं, "मावशी, तू तेव्हा किती वर्षांची होतीस?"

"सोळा."

ती उठली. आतल्या खोलीचं दार तिने हलकेच ढकललं. तिची मुलगी तिथे पंख्याखाली झोपली होती, पुस्तक छातीवर उघडं ठेवून. तिलाही सोळावं चालू होतं. नंदा दाराला धरून तिच्याकडे बघत कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.